काचेला आकार कोण देतं?

काच समुद्रात टाकली तर ती विरघळते. माणसाच्या आयुष्याच्या मानाने फार सावकाश, पण विरघळते. पाण्यातल्या सिलिसिक आम्लाचं प्रमाण दोन हजार मायक्रोमोलरच्या आसपास गेलं तरच सिलिका त्यातून आपणहून बाहेर पडू लागते. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ हे प्रमाण बहुतेक ठिकाणी १० मायक्रोमोलरच्याही खाली असतं. या बाबतीत सर्वांत श्रीमंत म्हणजे उत्तर पॅसिफिकचं खोल पाणी, पण तिथेही ते २०० च्या आतच राहतं. थोडक्यात, समुद्र सिलिका घ्यायला सदैव तयार आणि द्यायला नाखूश. अशा पाण्यात, भट्टीशिवाय, तीव्र आम्ल-अल्कलीशिवाय, कधीकधी तर गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला, स्पंज काच घडवतात आणि त्यावर आपलं शरीर उभं करतात.

स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती आजवर नोंदवल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जातींचा सांगाडा सिलिकेचा असतो. अंघोळीचा स्पंज आपल्या ओळखीचा, पण तो यात मोडत नाही. त्यात नुसते लवचीक प्रथिनांचे धागे असतात, म्हणून तर तो अंगाला घासता येतो. बाकीच्यांच्या अंगात असतात कंटिका. सुईसारख्या, आकड्यासारख्या, नांगरासारख्या, चांदणीसारख्या, काही तर अगदी गोल. केसाच्या जाडीत कित्येक मावतील एवढ्या लहान, तशाच माणसापेक्षा उंचही. एकाच स्पंजाच्या शरीरात तीन-चार प्रकार शेजारी शेजारी नांदतात आणि जातीगणिक ते ठरलेले असतात. इतके की स्पंज ओळखायचा झाला तर तज्ज्ञ त्याचा तुकडा ब्लीचमध्ये टाकतात, मांस गळून गेलं की उरलेल्या कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि त्यावरून जात ठरवतात.

म्हणजे प्रश्न एक नसून दोन आहेत. पाण्यातली सिलिका घट्ट होते कशी, हा पहिला. ती नेमक्या याच आकारात, एवढ्याच लांबीची का होते, हा दुसरा. गेल्या पंचवीस वर्षांत गाजावाजा झाला तो पहिल्याचा. माझ्या मते अवघड आणि खरा प्रश्न दुसरा आहे, आणि अलीकडचं चांगलं काम हळूहळू त्याच्याकडेच वळलेलं दिसतं.

गाजावाजा सुरू झाला १९९८ मध्ये. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टेथिया ऑरँशिया नावाचा नारिंगी, चेंडूएवढा स्पंज सापडतो. त्याच्या कोरड्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग निव्वळ कंटिकांचा असतो, प्रत्येक कंटिका सुमारे दोन मिलिमीटर लांब. कंटिकेच्या आत, मधोमध, एक बारीक सेंद्रिय तंतू असतो हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. तो नेमका कुठल्या प्रथिनाचा हे माहीत नव्हतं. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅनियल मॉर्स यांच्या प्रयोगशाळेत कात्सुहिको शिमिझू आणि सहकाऱ्यांनी हायड्रोफ्लोरिक आम्लाने काच विरघळवून तो तंतू मोकळा केला. त्यातल्या मुख्य प्रथिनाला त्यांनी सिलिकॅटिन असं नाव दिलं. या प्रथिनाचा जवळचा नातेवाईक कोण, हे पाहिल्यावर सगळ्यांनाच नवल वाटलं. तो होता कॅथेप्सिन एल, म्हणजे आपल्याही पेशींमध्ये प्रथिनांचे तुकडे करणारं एक पाचक एंझाइम. त्याच्या क्रियाशील जागेवर जिथे सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, तिथे सिलिकॅटिनमध्ये सेरीन बसलेलं होतं. तोडणाऱ्या हत्याराची अशी थोडी डागडुजी करून उत्क्रांतीने जोडणारं हत्यार बनवलं, ही गोष्टच एवढी देखणी होती की ती पसरायला वेळ लागला नाही.

पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवलं की हे तंतू टेट्राइथॉक्सिसिलेन या द्रवात ठेवले, तर साध्या तापमानाला आणि उदासीन पाण्यात त्यांच्या अंगावर सिलिकेचा थर बसतो. उकळलेल्या तंतूंवर तो बसत नाही. ते सेरीन किंवा त्याच्या जोडीचं हिस्टिडीन बदललं, तर प्रथिनाचा जोर ओसरतो. मग टायटॅनियम डायऑक्साइड झालं, गॅलियम ऑक्साइड झालं. सिलिकॅटिन वापरून अर्धवाहक घडवण्याची स्वप्नं रंगू लागली.

पण यात एक फट होती, आणि जाणकारांनी ती बऱ्यापैकी लवकर हेरली. टेट्राइथॉक्सिसिलेन समुद्रात नसतं. त्याच्या रेणूवर अल्कोहोलचे चार गट चिकटलेले असतात. ते सोडवल्याशिवाय त्याची सिलिका होत नाही, आणि सोडवण्याच्या कामाला उत्प्रेरक लागतो. स्पंजाला मिळतं ते सिलिसिक आम्ल मोकळंच असतं. ते पुरेसं दाटलं की कुणी न सांगता एकमेकांना जोडत जातं. तेव्हा परीक्षानळीत सिलिकॅटिन जे काम करताना दिसलं, तेच काम ते स्पंजाच्या शरीरात करतं, हे त्या प्रयोगावरून सिद्ध होत नाही. सिलिकॅटिन महत्त्वाचं नाही असा याचा अर्थ नव्हे. त्याचं महत्त्व कदाचित दुसऱ्याच गोष्टीत असावं, आणि त्या गोष्टीकडे आपण पुढे येऊ.

आधी दाटण्याचं पाहू. १० मायक्रोमोलरवरून दोन हजारांपर्यंत जायचं म्हणजे पेशीला शेकडो पट सिलिका ओढून आणायला हवी. डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल या कामात पटाईत आहेत. त्यांच्याकडे खास सिलिकॉन वाहून नेणारी प्रथिनं असतात. स्पंजांकडे ती नाहीत. स्पेनमधले मॅन्युएल माल्डोनाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की स्पंज दोन जुनी, दुसऱ्याच कामाची प्रथिनं जोडीने वापरतात. एकातून सिलिसिक आम्ल उताराच्या दिशेने आपोआप आत येतं, दुसरं ते ऊर्जा खर्चून चढावर ढकलतं. ही व्यवस्था चालते, पण फारशी चपळ नाही. पाण्यात सिलिका वाढवत नेली तर स्पंजाची ओढण्याची गती १०० ते २०० मायक्रोमोलरपर्यंत वाढतच जाते आणि मगच स्थिरावते. आजच्या समुद्रात असं पाणी फारच थोड्या ठिकाणी मिळतं. बहुतेक स्पंज सिलिकेच्या बाबतीत अर्धपोटीच जगतात. जुळवाजुळव करून भागवणारं हे यंत्र अशा काळात घडलं असावं, जेव्हा समुद्र सिलिकेने समृद्ध होता. याचा हिशेब नंतर करू.

आता पेशीच्या आत. स्पंजाच्या दोन आवरणांमध्ये जेलीसारखा थर असतो आणि त्यात कंटिका करणाऱ्या पेशी हिंडत असतात. अशा पेशीत एक पटलाची पिशवी तयार होते, पिशवीत प्रथिनाचा तंतू लांबत जातो आणि त्याच्याभोवती सिलिकेचे थर चढू लागतात. कंटिका पेशीपेक्षा लांब झाली की पेशी स्वतः ताणून तिला धरून ठेवते. अखेर ती बाहेर पडते आणि बाहेरही तिच्यावर आणखी थर बसतात. मोठ्या कंटिकेवर एकाच वेळी अनेक पेशी काम करतात.

हे सगळं जिवंतपणी पाहायचं तर खोल समुद्राचा स्पंज निरुपयोगी. वर आणेपर्यंत तो मेलेला असतो. म्हणून या विषयातलं निम्मं ज्ञान गोड्या पाण्यातल्या स्पंजांकडून आलं आहे. युरोपातल्या तळ्यांत सर्रास सापडणाऱ्या अशा एका स्पंजाची १०० ते ३०० मायक्रोमीटरची कंटिका २१ अंश सेल्सियसला सुमारे ४० तासांत पूर्ण होते. आणि इथे मुंबईचा उल्लेख करायलाच हवा. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतले शल्यवैद्य. भूशास्त्र, शैवाल, आदिजीव, हाती येईल ते तपासणारा माणूस. १८४९ मध्ये त्यांनी मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. उन्हाळ्यात तळी आटतात तेव्हा हे स्पंज मरतात, पण मागे बारीक बीजकोश ठेवतात. पाणी आलं की त्यांतून नवा स्पंज उगवतो. त्या बीजकोशांच्या कवचातही खास आकाराच्या काचेच्या कंटिका असतात आणि जाती ओळखायला त्याच सर्वांत उपयोगी पडतात. मुंबईच्या तळ्यांतली एक जात पुढे कार्टर यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली: आजचं तिचं नाव युनॅपियस कार्टेरी. विलायतेला परतल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य बहुतांशी स्पंजांच्या वर्गीकरणात घालवलं. समुद्रात बुडी मारणं दूरच, ज्यांना तळ्याकाठच्या काडीवरचा हिरवट-तपकिरी लेपही किळसवाणा वाटतो, त्यांनी हे लक्षात ठेवावं की काचेचा कारखाना तिथेही चालू असतो.

आता दुसरा प्रश्न, आकाराचा. यात अलीकडचं सर्वांत महत्त्वाचं काम ड्रेस्डेनमधल्या इगोर झ्लोट्निकोव्ह यांच्या गटाचं आहे. मधला तंतू म्हणजे प्रथिनांचा गुंता नसून स्फटिक आहे, हे त्यांनी २०१७ मध्ये क्ष-किरणांच्या आधारे दाखवलं. एकापाठोपाठ एक नेमक्या अंतराने रचलेले रेणू, आणि त्या रचनेला स्वतःची समरूपता. बहुतेक स्पंज ज्या मोठ्या वर्गात येतात त्यांच्या तंतूची जाळी षट्कोनी असते. काचस्पंज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोल पाण्यातल्या गटात ती चौकोनी असते. आता कंटिकांचे आकार पाहा. पहिल्या गटात एक किंवा चार अक्षांच्या कंटिका जास्त, दुसऱ्यात एकमेकांना काटकोनात छेदणारे तीन अक्ष, म्हणजे सहा बाहू. तंतूला फांदी फुटते ती स्फटिकाच्या जाळीत मुभा असेल त्याच दिशांना, आणि काच तंतूच्या मागे मागे जाते. २०२० मध्ये याच गटाने टेथियाच्या एका कंटिकेवर सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण टाकून, तंतू बाहेर न काढताच, त्यातल्या सिलिकॅटिनची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. तंतूच्या आत, प्रथिनांच्या रेणूंमधल्या फटींतही सिलिका भरलेली असते, असंही त्यात दिसलं.

म्हणून मला वाटतं, सिलिकॅटिनची मोठी कामगिरी उत्प्रेरक म्हणून नसून सूत्रधार म्हणून आहे. काच दाटलेल्या द्रवातून तशीही बाहेर पडलीच असती. ती कुठल्या रेषेत पडायची हे प्रथिन ठरवतं. पाचक एंझाइमाच्या वंशातल्या रेणूंना नीट रांगेत उभं राहता येणं, हे त्या सेरीनच्या बदलापेक्षा जास्त निर्णायक ठरलं असावं.

तरी तंतूनेही सगळं उलगडत नाही. लिथिस्टिड या दगडासारख्या टणक स्पंजांमध्ये एक वेडीवाकडी, गाठी-गाठींची कंटिका असते. तिचा तंतू मध्यभागी जेमतेम एवढासाच असतो आणि त्यापुढे काच तंतूशिवायच वाढत, फांद्या फोडत शेजारणीच्या गाठींत अडकते. जिओडिया या स्पंजाच्या अंगावरच्या कवचात गोल, काटेरी, बटाट्याच्या आकाराच्या कंटिका खच्चून भरलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे नाजूक गुलाबपाकळ्यांसारखे काटे कुठल्याही तंतूवर उभे नसतात. इथे पिशवीच्या पटलाने, पेशीच्या आतल्या सांगाड्याने किंवा दोघांनी मिळून साचा पुरवला असला पाहिजे. आणि सर्वांत साधा वाटणारा प्रश्न, कंटिका एका लांबीवर थांबते कशी, हा सर्वांत कमी अभ्यासला गेलेला आहे.

काचस्पंजांकडे आलं की चित्र आणखी बदलतं. हेक्झॅक्टिनेलिडा हे त्यांचं शास्त्रीय नाव. त्यांचं शरीर वेगवेगळ्या पेशींचं नसून बहुतांशी एकाच अखंड, अनेककेंद्रकी जाळ्याचं असतं. त्यातून विद्युत्-संदेशही पसरतो आणि स्पंज आपला पाण्याचा प्रवाह थांबवतो, हे जॉर्ज मॅकी आणि सॅली लेस यांनी दाखवलं आहे. चेतापेशी नसलेल्या प्राण्यासाठी ही साधी गोष्ट नाही. यांच्या कंटिकाही अचाट. मोनोराफिस चुनी हा स्पंज स्वतःला समुद्रतळात रोवण्यासाठी एकच प्रचंड कंटिका वाढवतो. ती तीन मीटरपर्यंत लांब आणि बोटभर जाड होते. कार्ल खून यांच्या नेतृत्वाखाली १८९८-९९ मध्ये निघालेल्या 'वाल्डिविया' या जर्मन मोहिमेत हा स्पंज हिंदी महासागरातून वर आला आणि फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे यांनी १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं. याच शुल्झे यांनी १९०२ मध्ये 'इन्व्हेस्टिगेटर' या हिंदुस्थानी सर्वेक्षण जहाजाने गोळा केलेल्या काचस्पंजांवरही लिहिलं, ते कलकत्त्यात छापलं गेलं. मोनोराफिसच्या त्या एका कंटिकेत सिलिकेचे शेकडो थर असतात. पूर्व चीन समुद्रातल्या एका नमुन्याच्या थरांतलं रसायन तपासून तो ११,००० वर्षांच्या आसपास जगला असावा असा अंदाज २०१२ मध्ये मांडला गेला. त्यात मोठी त्रुटी धरलेली आहे, तीन हजार वर्षं इकडे-तिकडे. पण कमीत कमी आकडा घेतला तरी हा प्राणी हिमयुगाच्या शेवटापासून फार लांबचा नाही.

काचस्पंजांत सिलिकॅटिन सापडत नाही. सुरुवातीला काही कामांत त्याच्या नात्यातली प्रथिनं काचस्पंजांतही असल्याचं म्हटलं गेलं होतं. पण कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या ॲफ्रोकॅलिस्टिस व्हास्टस या काचस्पंजाचा पूर्ण जनुकसंच २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सिलिकॅटिनचं एकही जनुक नव्हतं. शरीराच्या ज्या भागात हा स्पंज वाढत असतो तिथे मात्र ग्लासिन, कोलॅजेन आणि ॲक्टिन यांची जनुकं जोरात चालू होती. यांतलं ग्लासिन शिमिझू यांनीच शोधलं, २०१५ मध्ये. जपानला परतल्यावर ते तोत्तोरी विद्यापीठात काम करत होते. हिस्टिडीनने भरलेलं हे प्रथिन काचेत सर्वत्र मुरलेलं असतं आणि सिलिसिक आम्लाच्या द्रावणातून सिलिका झपाट्याने खाली बसवतं. इथे सिलिसिक आम्लच वापरलं होतं, समुद्रात नसलेलं कुठलं रसायन नव्हे, हे मुद्दाम नोंदवतो. २०२४ मध्ये त्यांच्याच गटाने काचस्पंजांच्या मधल्या तंतूतलं वेगळं प्रथिन दाखवलं, हेक्झॅक्सिलिन. दोन्ही गटांत मधे तंतू, भोवती थर, तीच रचना, पण प्रथिनं वेगळी. याचा सरळ अर्थ असा की काचेचा सांगाडा स्पंजांनी एकापेक्षा जास्त वेळा, स्वतंत्रपणे शोधला.

हेर्मान एर्लिख हे संशोधक गेली दोन दशकं एक वेगळाच मुद्दा लावून धरत आले आहेत. त्यांना मोनोराफिसच्या कंटिकेत कोलॅजेन सापडलं, दुसऱ्या काचस्पंजांत कायटिन, आणि २०२२ मध्ये त्यांनी अनेक स्पंजांच्या तंतूंत ॲक्टिन असल्याचं मांडलं. ॲक्टिन म्हणजे जवळपास प्रत्येक केंद्रकी पेशीला आकार देणारं प्रथिन. सगळ्यांना हे पटलेलं नाही. काच विरघळवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींत वेगवेगळी प्रथिनं हाती लागतात, हा जुना आक्षेप इथेही आहे. पण ॲफ्रोकॅलिस्टिसच्या जनुकांत कोलॅजेन आणि ॲक्टिन वर आलेले दिसल्यावर त्यांची बाजू अगदीच हलकी राहिलेली नाही.

कंटिका झाली तरी सांगाडा झाला असं नव्हे. ती योग्य जागी न्यायची, उभी करायची आणि घट्ट बांधायची राहते. २०१५ पर्यंत हे कसं होतं याची कुणाला नीट कल्पना नव्हती. क्योतो विद्यापीठातल्या नोरिको फुनायामा यांच्या गटाने गोड्या पाण्यातल्या एफिडेशिया फ्लुव्हिआटिलिसच्या पारदर्शक, कोवळ्या स्पंजाचं तासन्तास चित्रण केलं. त्यांना तयार कंटिका धरून वाहून नेणाऱ्या वेगळ्याच पेशी दिसल्या. या पेशी कंटिकेला इकडून तिकडे नेतात. मग तिचं एक टोक वरच्या आवरणातून आरपार जातं, ती उभी होते, आणि खालच्या टोकाशी तळातल्या पेशी कोलॅजेनचं आळं घालून तिला पक्कं करतात. आधीच उभ्या असलेल्या कंटिकेच्या टोकालाही नवी कंटिका अशीच जोडली जाते. मांडवाचे वासे रोवावेत तसं हे चालतं. फरक एवढाच की कुठला वासा कुठे लागेल याचा आराखडा कुणाकडेच नसतो. कंटिका ढकलल्या जातात, कुठेतरी त्यांना आवरण आडवं येतं, तिथे त्या उठतात, आणि त्यांनी उचललेल्या आवरणामुळे स्पंज वाढतो. अवयव नसलेल्या प्राण्याचा सांगाडा असा काम करणाऱ्यांच्या गर्दीतून उभा राहतो. माझ्या मते गेल्या काही दशकांतला या विषयावरचा हा सर्वांत सुंदर शोध आहे, आणि तो एखाद्या चमत्कारिक प्रथिनाचा नाही, ही गोष्ट मला विशेष आवडते.

काही काचस्पंज याच्याही पुढे जातात आणि कंटिका एकमेकींना काचेनेच जोडून टाकतात. युप्लेक्टेला ॲस्परजिलम, व्हीनसची फुलपरडी, फिलिपिन्सजवळच्या खोल पाण्यात सापडते. १८४१ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं आणि व्हिक्टोरियन इंग्लंडच्या दिवाणखान्यांत ती शोभेसाठी मांडली जाऊ लागली. तिच्या पोटात कोळंबीची एक जोडी पिल्लावस्थेत शिरते, वाढते आणि मग बाहेर पडू शकत नाही. म्हणून जपानमध्ये ती लग्नात भेट देण्याची प्रथा होती. (त्या कोळंब्यांचं मत कुणी विचारलेलं नाही.) ही परडी म्हणजे चौकोनी जाळी, तिला दोन्ही दिशांनी कर्णांच्या जोड्या आणि बाहेरून चक्राकार कंगोरे. तेव्हा बेल लॅब्जमध्ये असलेल्या जोआना ऐझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तिच्या रचनेचे सात स्तर वेगळे काढले, अब्जांश मीटरच्या सिलिका-कणांपासून ते आख्ख्या नळीपर्यंत. २००३ मध्ये याच स्पंजाच्या मुळाकडच्या कंटिका प्रकाशतंतूंसारखा प्रकाश वाहून नेतात असंही त्यांनी दाखवलं होतं. २०२१ मध्ये दोन निष्कर्ष आले: तेवढंच साहित्य वापरून केलेल्या रूढ कर्णजाळीपेक्षा स्पंजाची दुहेरी कर्णरचना वाकून कोसळण्याआधी २० टक्क्यांहून जास्त भार सोसते, आणि जाकोमो फाल्कुच्ची यांच्या गटाने महासंगणकावर पाण्याचा प्रवाह चालवून पाहिला, तेव्हा ही जाळी आणि कंगोरे अंगावरचा ओढा कमी करतात असं दिसलं.

अशा बातम्या वाचताना जरा हात आखडता घ्यावा, असं मला वाटतं. प्रकाश वाहून नेता येतो म्हणजे तो वाहून नेण्यासाठीच कंटिका घडली, असं होत नाही. स्पंज राहतो तिथे सूर्यप्रकाश जवळजवळ पोचतच नाही. युप्लेक्टेलाच्या नांगर-कंटिकेचंच पाहा. तिच्यात मधल्या दांड्याभोवती सुमारे २५ थर असतात, मधे अतिशय पातळ सेंद्रिय पापुद्रे. अशा थरांमुळे तडा मधेच अडतो आणि काच कणखर होते, हे पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं होतं. ब्राउन विद्यापीठातल्या हनीश केसरी यांच्या गटाने आधी दाखवलं की थर बाहेरच्या बाजूला पातळ होत जातात आणि त्यामुळे वाकताना कंटिका जास्त भार घेते. मग २०२० मध्ये त्यांनी याच कंटिकांची तुलना टेथियाच्या थर नसलेल्या कंटिकांशी केली. थरांमुळे वाढलेला कणखरपणा फारच किरकोळ निघाला. शिंपल्यांच्या मोत्यासारख्या अस्तराबाबत जे खरं, ते स्पंजाच्या काचेबाबत खरं असेलच असं नाही. थर कदाचित काच कशी वाढते त्याचा नुसता परिणाम असतील.

आता जुना हिशेब. ओमानमधल्या ६३ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत स्पंजांशी जोडले गेलेले चरबीचे रेणू मिळतात, जनुकांवरून काढलेला काळही तसाच जुना. पण निःसंशय कंटिका कॅम्ब्रियन कालखंडाच्या सुरुवातीच्या, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या आधी सापडत नाहीत. मधली दहा कोटी वर्षं गेली कुठे? चीनमधल्या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात हेलिकोलोसेलस नावाचा स्पंज सापडल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याच्या अंगावर काचस्पंजासारखी चौकटींची नक्षी आहे, पण खनिज कंटिका नाहीत. म्हणजे नक्षी आधी, काच नंतर. सेंद्रिय चौकटीवर पुढे कधीतरी सिलिका बसली. जनुकांची साक्ष आणि हा जीवाश्म दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. गंमत अशी की त्या काळी समुद्र सिलिकेने तुडुंब होता, तिला वापरणारं फारसं कुणी नव्हतं, आणि तरी स्पंजांनी तिला हात लावला नव्हता.

वापरू लागल्यावर मात्र त्यांनी मनसोक्त वापरली. ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात टेथिस या प्राचीन समुद्राच्या उत्तर काठाने स्पंजांच्या भित्तींचा सुमारे ७,००० किलोमीटरचा पट्टा पसरला होता. जर्मनीतल्या श्वाबियन आल्बचे कडे त्याचेच अवशेष. मग डायटम आले, वाढले आणि पृष्ठभागावरची सिलिका त्यांनी फस्त करायला सुरुवात केली. उथळ पाण्यातले जड सांगाड्यांचे स्पंज मागे हटले. माल्डोनाडो यांनी १९९९ मध्ये भूमध्य समुद्रातल्या क्रॅम्बे क्रॅम्बे या लाल, पातळ थरासारख्या स्पंजाला प्रयोगशाळेत जास्त सिलिका दिली, तेव्हा त्याने समुद्रात कधी न दिसणाऱ्या प्रकारच्या कंटिका करून दाखवल्या. जनुकांत ती क्षमता पडून होती. कच्चा माल नव्हता.

ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापलीकडे, जिथे आजही पाण्यात सिलिका भरपूर आहे, तिथे १९८७ मध्ये समुद्रतळाचा नकाशा करताना काचस्पंजांच्या जिवंत भित्ती सापडल्या. तोवर त्या फक्त जीवाश्मांतच माहीत होत्या. नऊ हजार वर्षांच्या या भित्ती काही ठिकाणी वीस मीटरच्या आसपास उंच आहेत. नवी पिल्लं मेलेल्या काचेच्या सांगाड्यांवर बसतात आणि मधली पोकळी गाळाने भरत जाते. २०१७ मध्ये कॅनडाने हेकेट सामुद्रधुनीतल्या भित्तींना संरक्षण दिलं. स्पंजांची काच डायटमच्या कवचापेक्षा कितीतरी सावकाश विरघळते, म्हणून ती तळाशी साठते. २०१९ च्या एका मोजणीनुसार ती दरवर्षी सुमारे १.७ टेरामोल, म्हणजे ४.८ कोटी टनांच्या आसपास सिलिकॉन गाळात गाडते. आकडा ढोबळ आहे, पण त्याआधी महासागराच्या सिलिकेच्या जमाखर्चात स्पंजांना जवळपास जागाच नव्हती. दुसरीकडे, तापमान आणि आम्लता वाढवलेल्या पाण्यात चार महिने ठेवलेल्या ॲफ्रोकॅलिस्टिसचं पाणी उपसण्याचं काम निम्म्याहून खाली आलं आणि त्याच्या सांगाड्याची ताकदही घटली, असं २०२० च्या प्रयोगात दिसलं.

प्रयोगशाळांमध्ये सिलिकॅटिनची ओढ अजून कमी झालेली नाही. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या ॲन मेयर आणि सहकाऱ्यांनी स्पंजांचं सिलिकॅटिन ई. कोलाय या जिवाणूच्या पृष्ठभागावर आणलं. जिवाणूंवर काचेचा पातळ लेप चढला आणि ते सूक्ष्म भिंगांसारखा प्रकाश एकवटू लागले. लेप जिवाणूच्याच आकाराचा होता. सुई झाली नाही, चांदणीही नाही. एंझाइम आणि कच्चा माल दोन्ही हजर असूनही. आकाराचा प्रश्न सोडवायला पूर्ण स्पंजच लागेल, आणि तो बहुधा तळ्यातला असेल. एफिडेशिया म्यूलेरीचा जनुकसंच गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत २०२० मध्ये वाचून झाला आहे, तिचे बीजकोश फ्रीजमध्ये महिनोन्महिने टिकतात, आणि काचपट्टीवर ठेवले की काही दिवसांत त्यांतून कंटिका करणारा स्पंज फुटतो. त्यात सिलिकॅटिनची जनुकं एकेक करून बंद करायची आणि तंतू सरळ येतो का, कंटिका कुठे थांबते, हे पाहायचं. तेवढं काम बाकी आहे.